साहेबांचं पाचारण आणि माझा गुरुवार

आधी नाव सांगतो, मग बाकीचं. वसंत अमोलिक. चाकणच्या आमच्या कारखान्याचे मोठे साहेब, आता निवृत्त, मुक्काम वाकडच्या एका उंच टॉवरमध्ये. हा माणूस नसता तर मी केव्हाच जालन्याच्या गाडीत बसून गावाकडं परत गेलो असतो. पिंपळे गुरवमधलं माझं घर, पोरीचं नर्सिंग, हा लेख, यातलं काहीच झालं नसतं. उपकार आधीच लिहून ठेवलेले बरे, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, पौलस खरात कृतघ्न निघाला.

दुसरी गोष्टही लगेच सांगून टाकतो. या माणसाचा मला हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, अजून वाटतो.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "पौलसभाऊ, नाताळ अंकासाठी तुमच्या कामावर लिहा. क्रेन लांबून सगळ्यांनी बघितलीय, आतून कुणी बघितली नाही." मी म्हटलं, सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, कानामात्रा चुकतील. ते म्हणाले, "ते मी बघतो. खोटं तेवढं लिहू नका." म्हणून क्रेनपासून सुरू करतो.

आमची क्रेन रस्त्यावर दिसते तसली मान उंच केलेली नव्हे. शेडच्या दोन्ही भिंतींवर छताखाली रूळ असतात, त्यावर आडवा पूल पळतो आणि पुलाखाली हुक लोंबतो. पुलाच्या एका टोकाला पत्र्याची केबिन. त्या केबिनमध्ये माझं आयुष्य गेलं. खाली मोठमोठ्या प्रेस. गाडीचा दरवाजा, बॉनेट, जे काही पत्र्याचं असतं ते या प्रेसमध्ये साच्याखाली दाबून निघतं. त्या साच्याला आम्ही डाय म्हणतो. एकेक डाय भरलेल्या ट्रकएवढी जड. एक पार्ट संपला की डाय बदलायची, म्हणजे जुनी उचलून बाहेर न्यायची आणि नवी आणून बसवायची. ती उचलणारा मी.

केबिनमधून खालचं काही ऐकू येत नाही. प्रेसचा दणका असा, की स्वतःची शिंकसुद्धा नाकातच कळते. म्हणून सगळं हातावर चालतं. खाली एक सिग्नलमन उभा असतो. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. आडवा हात, तळवा जमिनीकडे, आणि मागेपुढे हलवला की थांब.

यात दोन नियम पहिल्या दिवशी शिकवतात. पहिला, इशारा एकाच माणसाचा पाळायचा. नेमलेल्या सिग्नलमनचा. बाकी कोणी कितीही हात हलवो, ते आपल्यासाठी नाही. दुसरा, थांबचा इशारा मात्र कुणाचाही पाळायचा. झाडूवाल्याने केला तरी. का म्हणून विचारायचं नंतर, आधी थांबायचं.

आमचा सिग्नलमन दत्तू शिंदे. चाकणजवळच्याच एका गावचा, जमिनी कारखान्यात गेलेल्या घरातला. बोलायला तिखट. मी स्वभावानं भित्रा. केबिनची शिडी चढताना देवाचं नाव घ्यायचो, ब्रेक तपासायचो, खाली बघायचो आणि पुन्हा ब्रेक तपासायचो. आजही झोपण्याआधी गॅसची चावी दोनदा बघतो, बायको हसते. दत्तू खालून बघत असायचा. जेवणाच्या सुट्टीत म्हणायचा, "पौलस, तुझा देव ऐकतो का न्हाई रं? का त्यालाबी दोनदा सांगाया लागतं?"

तर तो दिवस. अमोलिक साहेब तेव्हा तरुण होते, आमच्या शॉपचे, म्हणजे प्रेसच्या विभागाचे, प्रमुख. बाहेरचे पाहुणे आले होते आणि नवी डाय वेळेत बसत नव्हती. डाय हुकाला लटकलेली. दत्तूनं आडवा हात केला, थांब. त्याला डाय बांधलेला पट्टा सरकलेला दिसला होता. त्याच वेळी पलीकडच्या वाटेवरून साहेबांनी हात हलवला, इकडे आण, लवकर. अधिकाऱ्यांचं हेल्मेट पांढरं असतं, आमचं पिवळं. वरून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, हेल्मेटं दिसतात. मी कंत्राटी होतो, घर भाड्याचं, बायको बाळंत व्हायची होती. मी पांढरं हेल्मेट बघितलं आणि दांडी ओढली.

डाय झुलली, प्रेसच्या खांबाला लागली, पट्टा सुटला आणि एक कोपरा खाली आदळला. फरशी फुटली. दत्तूनं उडी मारली म्हणून वाचला. त्याच्या बुटाचं पोलादी टोक कागदासारखं चेपलं होतं.

चौकशी लागली. कंत्राटी माणसाच्या चौकशीचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे मला कळत होतं. मी आदल्या दिवशीच बायकोला सांगून ट्रंक काढायला लावली होती. खोलीत पाच-सहा अधिकारी. मला विचारलं, सिग्नलमननं थांब केलं असताना क्रेन का हलवली? साहेबांचं नाव घ्यायची छाती कुठून आणू?

तेव्हा अमोलिक साहेब उठले. म्हणाले, "इशारा मी केला. मला तो अधिकार नव्हता. त्याला वरून माझं हेल्मेट दिसलं आणि तो घाबरला. आपल्याकडे हेल्मेट बघून घाबरायला आपणच शिकवतो. चूक माझी लिहा."

तशी ती लिहिली गेली. त्यांची बढती मागं पडली, असं नंतर कानावर आलं. मी राहिलो, पुढं कायमही झालो. त्यानंतर साहेब दत्तूकडून सगळे इशारे शिकले. पुढं ते पुष्कळ वर चढले, अख्खा कारखाना त्यांच्या हाताखाली आला. पण आमच्या शॉपमध्ये पाऊल टाकलं की दोन्ही हात पाठीमागं बांधायचे. शेवटपर्यंत. नवी पोरं म्हणायची, साहेब मिलिट्रीतले दिसतात. मी आणि दत्तू एकमेकांकडं बघायचो.

ते आपल्यातले, ख्रिस्ती, हे मला त्यानंतरच्या नाताळात कळलं. ते इंग्रजी उपासनेला जायचे, मी मराठीला. देव एक, पार्किंग वेगळं.

आता गुरुवारबद्दल. आमच्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी मशीन चालू. त्यामुळे बाहेरगावचे आपले लोक रविवारी उपासनेला येऊच शकत नाहीत. कुणी नगरकडचे, कुणी माझ्यासारखे जालन्याचे, हल्ली झारखंड-ओडिशाचे. एका खोलीत सहा-सात जण राहतात. नवीन असताना मी स्वतः असे किती रविवार मशीनच्या आवाजात काढलेत. म्हणून कायम झाल्यावर मी दर गुरुवारी त्यांच्या खोल्यांवर जायला लागलो. महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी. ढोलकी, बायबल, थोडी बिस्किटं. एक गीत, एक वचन, एक प्रार्थना, आणि कोणी घातलं तर जेवण. दत्तूनं निवृत्तीनंतर घराच्या मागं भाड्यानं द्यायला खोल्या काढल्या, तिथंही माझी गुरुवारची एक खोली आहे. तो ओट्यावर बसून म्हणतो, "गुरुवार आमच्या दत्ताचा. त्योबी तुमी घेतला." मग स्वतःच चहा पाठवतो.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी कधी पंच नव्हतो, कधी पुढच्या बाकावर बसलो नाही. पण गुरुवार माझा होता. खोलीच्या दारात चपलांचा ढीग दिसला, की वाटायचं आपण कुणीतरी आहोत.

साहेब निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांनी मीही झालो. त्यांच्या निरोपाला हॉटेल, माझ्या निरोपाला कँटीनमध्ये जिलेबी. त्याचं काही नाही. पण त्यांना जो भेटेल तो विचारायचा, "आता पुढं प्रभूची काय योजना?" मला जो भेटेल तो विचारायचा, "आता कुठं वॉचमन लागणार?" प्रभूच्या योजनेचा प्रश्न पडायलासुद्धा ऐपत लागते, हे मला तेव्हा कळलं.

साहेब आमच्या मराठी उपासनेला यायला लागले. एक दिवस बाहेर पडताना मला म्हणाले, "पौलस, फोन वाजत नाही रे आता. इतकी वर्षं वाटायचं, हा बंद झाला तर देवाचं ऐकू येईल. आता बंद झालाय, तरी ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "येईल, साहेब." मनात म्हटलं, माझा कधी वाजलाच नाही.

त्यांना सांगणारे मात्र रग्गड होते. मुलगा परदेशातून सांगायचा, सल्लागार व्हा. पाळकसाहेब म्हणायचे, नव्या इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष व्हा. शाळेवाले म्हणत, बोर्डावर या. साहेब डोंगरावरच्या एका आश्रमात मौन पाळायला जाऊन आले, उपास केले. मी दत्तूला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एका मान्साला एवढं सिग्नलमन? डाय पडंल की रं."

मग साहेबांचा मला फोन आला. "तू गुरुवारी जातोस तिथं मला नेशील?"

नाही कसं म्हणणार? नेलं. त्यांची गाडी त्या गल्ल्यांत शिरली नसती, म्हणून ती माझ्या घरी ठेवून स्कूटीवर मागं बसवून नेलं. बायको दारातून बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "साहेब मागं बसले म्हणून फुगून गेलात. बघू किती दिवस."

फार दिवस नाही.

दत्तूच्या मागच्या खोलीत सिल्वेस्टर नावाचा झारखंडचा माणूस आहे. प्रेसवर काम करतो. दोन वर्षं मी त्याच्याकडे जात होतो. मी विचारायचो, "कैसा है सिल्वेस्टर?" तो म्हणायचा, "ठीक है, भैया." मग मी प्रार्थना करायचो. माझी प्रार्थना लांब असते, हे मान्य. खोलीतले रात्रपाळीचे लोक आमेनला दचकून जागे होतात.

त्या गुरुवारी माझी प्रार्थना झाल्यावर साहेब पालथ्या बादलीवर बसले, हात मागं बांधून, आणि त्याला म्हणाले, "सिल्वेस्टर, इतवार को मशीन पर खड़े रहते हो, तब घर में क्या चल रहा होता है?"

सिल्वेस्टरनं हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, गावी चर्चची घंटा त्याची आई वाजवायची. या वर्षी ती गेली. आता कोण वाजवतं ते त्याला ठाऊक नाही, आणि घरी विचारायची हिंमत होत नाही. आणि तो रडायला लागला. साहेबांनी काही केलं नाही. सल्ला दिला नाही, प्रार्थनाही केली नाही. नुसते बसून राहिले.

आई गेली, हे मला ठाऊक नव्हतं. मी दोन वर्षं ढोलकी वाजवत होतो.

येताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला साहेब स्कूटीवर मागून म्हणाले, "पौलस, आज पहिल्यांदा वाटलं, की मला कुठंतरी बोलावलंय." मी ॲक्सिलरेटर जरा जोरात पिळला. त्यांना बोलणं थांबवावं लागलं.

पुढचे गुरुवार तसेच. पोरं विचारू लागली, "वो साहब आएंगे ना?" साहेब असले की चपलांचा ढीग मोठा. त्यांना इस्पितळातले लोक ओळखतात, कामगार ऑफिसातले ओळखतात, एकाचा तुटलेल्या बोटाचा अडकलेला दावा त्यांनी दोन फोनांवर हलवला. मला त्यात वाईट काय दिसणार? पण घरी आलो की भाकरी गोड लागेना.

"तुमच्या पोटात दुखतंय," बायको म्हणाली.

"मी काय बोललो?"

"बोलला नाहीत, म्हणून तर कळलं."

मग मंडळीच्या सभेची वेळ आली. रविवारी उपासना झाल्यावर, खुर्च्या गोल मांडून. पाळकसाहेब खुशीत होते. म्हणाले, "मंडळी, अमोलिक साहेबांना अनेक महिन्यांच्या प्रार्थनेनंतर स्पष्ट पाचारण, देवाचं बोलावणं, झालंय. चाकण पट्ट्यातल्या कामगारांमध्ये सेवा. आपण त्यांना या सेवेचे प्रमुख नेमू या. पौलसभाऊ त्यांना मदतनीस म्हणून राहतील. त्यांना रस्ते माहीत आहेत."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मला रस्ते माहीत आहेत. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही, पौलस, तुला पाचारण झालंय का? मी जायचो, म्हणून ते जाणं होतं. साहेब गेले, तेव्हा ते पाचारण झालं. आणि खरं सांगतो, पाचारण साहेबांना नव्हतं असंही मला म्हणता येईना. सिल्वेस्टरला मी डोळ्यांनी बघितलं होतं. ते नसतं तर बरं झालं असतं. निदान मनातल्या मनात तरी भांडता आलं असतं.

साहेब उभे राहिले. ते तयारीनं आले होते. हात उघडून बोलायला लागले, खोल्यांचे गट करू, प्रत्येक गटाला एक जबाबदार माणूस, महिन्यातून एकदा आढावा. कारखान्यातल्या सभेत बोलायचे तसे, चांगलं, मुद्देसूद. मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होतो. पाळकसाहेब म्हणाले, "तर मग साहेब, स्वीकारताय ना?" साहेबांनी हसून तोंड उघडलं.

आणि माझा हात वर गेला. मी ठरवलं नव्हतं. आडवा हात, तळवा जमिनीकडे, मागेपुढे.

सभेत कुणाला काही कळलं नाही. बायकोला वाटलं, मला चक्कर येतेय. एक पंच म्हणाले, "पौलस, काय पाहिजे? पाणी?"

पण साहेबांनी बघितलं होतं. ते वाक्याच्या मध्येच थांबले. तोंड मिटलं. उघडे हात हळूहळू मागं गेले आणि पाठीशी बांधले गेले. पाळकसाहेबांकडे वळून म्हणाले, "मला आज उत्तर देता येणार नाही. थोडा वेळ द्या."

"अहो पण आत्ता तर..."

"थोडा वेळ द्या," साहेब म्हणाले, आणि बसले.

सभा तशीच उठली. मी पळून जायच्या बेतात होतो. चपला घालेपर्यंत साहेब मागं येऊन उभे राहिले. ते रागावतील वाटलं. त्यांनी सिग्नलमनला विचारावं तसं विचारलं.

"लोड कुणाच्या अंगावर येत होता?"

मी खाली बघितलं. खोटं तेवढं नको, असं तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्या माणसासमोर मला खोटं कधी सुचलंच नाही.

"माझ्या, साहेब."

मग बाकीचंही सांगून टाकलं. "मला तुमचा हेवा वाटतो. तुमच्याकडं सगळं होतं, आणि माझ्याकडं गुरुवार होता. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं करता, म्हणून जास्तच."

साहेब आवारातल्या नळाकडे बघत उभे होते. तिकडेच बघत म्हणाले, "मला वाटलं, देव बोलावतोय. मी लगेच उठून पांढरं हेल्मेट घातलं. दुसरं काही घालता येत नाही रे मला."

"चहा घेता?" मी म्हटलं. घेतला.

पुढं काय झालं ते थोडक्यात. साहेबांनी प्रमुखपद घेतलं नाही. पाळकसाहेब थोडे नाराज झाले, इमारतीच्या कमिटीचं अध्यक्षपदही साहेबांच्या हातून गेलं. गुरुवार माझ्याकडे राहिला. मंडळीनं त्यात एकच बदल केला. आता रविवारी घोषणा करताना पाळकसाहेब म्हणतात, "गुरुवारच्या सेवेसाठी पौलसभाऊंना भेटावं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायकोनं मला कोपर मारलं.

साहेब येतात. दर वेळी नाही. आले की स्कूटीच्या मागं बसतात, खोलीत पालथ्या बादलीवर बसतात. मी प्रार्थना आखूड केलीय, बरीच. संपली की त्यांच्याकडे बघतो आणि बोट वर करून फिरवतो, म्हणजे आता तुम्ही. मग ते कुणाला तरी एखादा प्रश्न विचारतात, आणि माझ्या पोटात दुखतं. सिल्वेस्टरनं गावी फोन केला. घंटा आता त्याची बहीण वाजवते. हे त्यानं आधी साहेबांना सांगितलं, मला नंतर. दत्तू ओट्यावरून सगळं बघतो. म्हणतो, "क्रेन खाली आणि साहेब बादलीवर. चालू द्या."

आपलं पाचारण नक्की काय, हे साहेबांना अजून कळलेलं नाही. परवा म्हणाले, "कळलं तर आधी तुला सांगीन, नाहीतर तूच थांबवशील." मी म्हटलं, थांबवीन. मला माझं कळलंय का, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते विचारतील म्हणून वाट बघतोय. विचारत नाहीत.

दोनदा या माणसानं स्वतःचं मागं सारून माझं काम राखलं. एकदा क्रेन, एकदा गुरुवार. मी असा, की दोन्ही वेळा नीट आभारही मानले नाहीत. ते इथं मानतो. आणि परतफेड करीन, हे सगळ्या मंडळीदेखत लिहून देतो. मुलगा परदेशात आहे, टॉवरमध्ये शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. कधीतरी साहेब अंथरुणावर असतील, फोन वाजत नसेल, आणि रविवार असो की गुरुवार, कुठं जाता येत नसेल. तेव्हा मी वाकडला लिफ्टनं वर जाईन, ढोलकी घेऊन. बादली मिळाली नाही तर खुर्चीवर बसेन. एक गीत, एक वचन, आणि प्रार्थनेआधी त्यांनी सिल्वेस्टरला विचारला तसाच प्रश्न त्यांना विचारीन, आणि उत्तर येईपर्यंत हात पाठीमागं बांधून गप्प बसेन. पाळकसाहेब, हे तुम्ही तपासणारच आहात, म्हणून इथंच सांगून ठेवतो. त्या दिवशी तुम्हीही या, पण माझ्यानंतर.